गिरिभ्रमण, सहप्रवास आणि साथीचे दिवस

बेळगावकरांचे डोंगरवेड जुने आहे. पावसाळा ओसरू लागला, की रविवारी पहाटे पाठीवर पिशव्या अडकवलेली मंडळी चौकाचौकांत गाडीची वाट पाहताना दिसतात. कुणी येळ्ळूरच्या राजहंसगडावर निघालेले असतात, तर कुणी चंदगड तालुक्यातील महिपाळगड, कलानिधीगड किंवा पारगडाकडे. या मंडळींत आपले अनेक व्यवसायबंधू-भगिनीही असतात. साहजिकच गावात सर्दी-तापाची साथ आली, की गिरिभ्रमण मंडळांचे कार्यकर्ते आपल्याकडेच येऊन विचारतात, "डॉक्टर, सहल न्यायची की रद्द करायची?"

हा प्रश्न आजही शिळा झालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडला महामारी म्हटले आणि ५ मे २०२३ रोजी त्यासंबंधीची आंतरराष्ट्रीय आणीबाणी उठवली. सरकारी सक्ती गेली, विषाणू मात्र गेला नाही. २००९ साली पुण्याला हादरवून सोडणारा एच-१-एन-१ हा विषाणूही आता हंगामी फ्लूच्या रूपाने आपल्यातच वावरतो आहे. तेव्हा नियम आता आपले आपणच ठरवावयाचे आहेत. ते ठरविताना धोका नेमका कोठे आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

डोंगरावर नव्हे, गाडीत

या संदर्भात चीनच्या झेजियांग प्रांतातील एक घटना बोलकी आहे. जानेवारी २०२० मध्ये दोन बसगाड्यांतून १२८ जण एका धार्मिक कार्यक्रमास गेले. प्रवास जाऊन-येऊन सुमारे १०० मिनिटांचा होता. दुसऱ्या बसमध्ये ६८ जण होते आणि त्यांतील एकाला नकळत संसर्ग झालेला होता. गाडीतील वातानुकूलन यंत्रणा आतलीच हवा पुनःपुन्हा फिरवीत होती. पुढे या ६८ जणांपैकी त्या रुग्णासह २४ जण कोविडबाधित आढळले. पहिल्या बसमधील ६० जणांपैकी एकालाही लागण झाली नाही. वस्तुतः कार्यक्रमस्थळी हे सारे एकत्रच होते, आणि तेथे अडीच तास गेले होते. पण तो कार्यक्रम मोकळ्या जागेत होता. शिवाय बाधित बसमध्येही उघडता येणाऱ्या खिडकीजवळ बसलेले प्रवासी, रुग्णाशेजारचा एक वगळता, बचावले.

यातील तात्पर्य स्पष्ट आहे. श्वासाबरोबर बाहेर पडणारे सूक्ष्म कण उघड्या माळावर वाऱ्याने क्षणात विरतात. बंद जागेत ते साचत जातात. मोठ्याने बोलताना व गाताना असे कण कितीतरी अधिक निघतात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील एका गायकवृंदाच्या १० मार्च २०२० च्या तालमीस हजर असलेल्या ६१ जणांपैकी ५३ जण निश्चित वा संभाव्य रुग्ण ठरले. आता आपल्या सहलीची गाडी डोळ्यांपुढे आणा. थंडीमुळे काचा बंद, एका बाकावर तिघे आणि बेळगाव सुटल्यापासून अंताक्षरी! गडावरच्या चार तासांपेक्षा हे दोन तास अधिक जपण्याचे असतात.

प्रवासाचे नियम

मोटारीतील हवेच्या प्रवाहाचा अभ्यास अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी संगणकीय प्रतिकृतीच्या साह्याने केला. गाडीत चालक आणि मागे तिरप्या बाजूस एक प्रवासी, अशी ही रचना होती. काचा बंद व वातानुकूलन चालू असताना एकाच्या श्वासातील सुमारे ८ ते १० टक्के कण दुसऱ्यापर्यंत पोहोचू शकतात. चारही काचा उघड्या असताना हे प्रमाण ०.२ ते २ टक्क्यांपर्यंत उतरते. दोनच काचा उघडावयाच्या असतील, तर प्रत्येकाने आपल्या लगतची नव्हे, तर आपल्या विरुद्ध बाजूची काच उघडणे हितकर ठरते.

मंडळांसाठी याचा व्यावहारिक अर्थ असा :

१. साथीच्या दिवसांत गाडीच्या पुढील व मागील, दोन्ही बाजूंच्या काचा निदान चार बोटे उघड्या ठेवाव्यात. वातानुकूलन हवेच असेल, तर बाहेरची हवा आत घेण्याची सोय चालू करावी. ती नसल्यास काचा हाच उपाय.

२. सतरा आसनांच्या गाडीत सतरा जण कोंबू नयेत. खर्च थोडा वाढेल, तो सर्वांनी वाटून घ्यावा. वडापच्या जीपमध्ये दाटीने जाण्यापेक्षा शक्य तेथे दुचाकी बरी.

३. जाता-येता एकच गाडी व एकच आसन ठेवावे. कुणी आजारी पडल्यास कोणाला कळवायचे, हे त्यावरून लगेच समजते.

४. गाडीत एन-९५ मुखपट्टी नाकाशी घट्ट बसेल अशी लावावी. उघड्या वाटेवर अंतर राखून चढताना तिची गरज नाही. घामाने भिजलेली पट्टी तर कुचकामीच.

५. गाणी गडमाथ्यावर गावीत. तेथे ती अधिक शोभतातही!

मुक्काम आणि पंगत

तंबू म्हणजे कापडाची बंद खोलीच. मुक्काम असल्यास एका घरातील माणसे एका तंबूत झोपावीत व हवेची झडप उघडी ठेवावी. देवळाच्या ओवरीत मुक्काम झाल्यास उत्तमच. जेवण उघड्यावर, वाढप्याने हात धुऊन वाढावे. पाण्याची बाटली ज्याची त्याची. मात्र सामानावर जंतुनाशकाचे फवारे मारण्यात वेळ दवडू नये. श्वसनमार्गाच्या या रोगांत पृष्ठभागावरून होणारा प्रसार तुलनेने गौण आहे. अल्कोहोलयुक्त द्रव हाताला लावून लगेच चुलीपाशी जाऊ नये; तो पेट घेतो.

सर्वांत अवघड नियम

काही वर्षांपूर्वी थंडीत आमच्या चमूबरोबर असेच निघालो होतो. एका सहकाऱ्याचा घसा आदल्या रात्रीपासून दुखत होता. स्वयंपाकाची जबाबदारी त्याच्यावर होती, वर्गणीही भरलेली होती. तो काही बोलला नाही. काचा बंद होत्या आणि त्या उघडा असे मीही म्हटले नाही. तीन दिवसांत गाडीतील पाच जण तापाने पडले. त्यांतील एकाचे वडील जुन्या श्वसनविकाराचे रुग्ण. ते गडावर आलेही नव्हते. परंतु नऊ दिवस रुग्णालयात राहावे लागले ते त्यांना. सुदैवाने ते बरे झाले. तो सहकारी मात्र पुढे वर्षभर आमच्यात आला नाही.

विचार करता मला जाणवले, की दोष त्याच्या एकट्याचा नव्हता. 'भरलेली वर्गणी परत मिळणार नाही' असे आमच्याच पत्रकात छापलेले होते. खरे बोलणाऱ्याला दंड आणि लपविणाऱ्याला सहल, असा नियम आम्हीच केला होता. तो आता बदलला आहे. आदल्या रात्री प्रत्येकास विचारले जाते. ताप, खोकला वा घसादुखी असल्यास पूर्ण वर्गणी परत मिळते आणि प्रत्येक कामाला बदली माणूस आधीच नेमलेला असतो.

लक्षणे दिसण्यापूर्वी एक-दोन दिवस आधीही संसर्ग पसरू शकतो. म्हणून केवळ विचारपूस पुरेशी नाही, खिडकीही उघडी हवी. त्याचप्रमाणे आजाराच्या प्रारंभी जलद चाचणी नकारार्थी आली, तरी लक्षणे असणाऱ्याने घरीच थांबावे. घरात वृद्ध किंवा मधुमेही असणाऱ्यांनी फ्लूची लस हंगामापूर्वी घ्यावी. तिचे संरक्षण मिळण्यास सुमारे दोन आठवडे लागतात.

आजारातून उठलेल्यांनीही घाई करू नये. ताप गेल्यावर आधी सपाटीवर चालावे, मग जिने चढावेत आणि नंतरच गड. या काळात छातीत दुखणे, धडधड, भोवळ किंवा अवाजवी धाप जाणवल्यास हृदयाच्या स्नायूंचा दाह नाही ना, याची तपासणी झाल्याशिवाय चढाई करू नये.

तेव्हा कार्यकर्त्यांना आपण सांगावे, "सहल अवश्य न्या. मात्र काचा उघडा, आजाऱ्याला घरी थांबू द्या आणि थांबल्याबद्दल त्याचे आभार माना." गड कोठे जात नाहीत, पुढच्या रविवारीही ते तेथेच असतात. घरी वाट पाहणारी म्हातारी माणसेही तशीच सुखरूप असावीत, एवढ्यासाठीच हा खटाटोप.