अभियांत्रिकीतील अपयशाचे अध्यापन : पानशेत, कोयना आणि किल्लारी

प्रस्तावना

अभियांत्रिकी व उपयोजित विज्ञानाची पाठ्यपुस्तके ही प्रामुख्याने यशाची पुस्तके असतात. सूत्र, त्याची सिद्धता, सोडविलेले उदाहरण आणि स्वाध्याय या क्रमाने जाणाऱ्या विद्यार्थ्याला ते सूत्र कोणत्या दुर्घटनेनंतर दुरुस्त झाले, हे क्वचितच कळते. परिणामी मानक संहिता म्हणजे अंतिम सत्य, अशी त्याची समजूत होते. फसलेल्या रचनेचा विषय निघालाच, तर अमेरिकेतील टॅकोमा येथे १९४० साली कोसळलेल्या झुलत्या पुलाचे उदाहरण दिले जाते. ते उपयुक्त आहे. परंतु मराठवाड्यातील विद्यार्थ्याला त्याच्या परिसराशी जोडणारी उदाहरणे महाराष्ट्रातच उपलब्ध आहेत. अशा तीन घटनांमधून रचनाशास्त्र काय शिकले आणि ते वर्गात कसे शिकविता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पानशेत (१९६१) : बांधकामाचा क्रम हीदेखील रचनाच

अंबी नदीवरील पानशेत हे मातीचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले. त्या लोंढ्याने खालच्या बाजूचे, एकोणिसाव्या शतकातील खडकवासला धरणही फुटले आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. धरणाचे काम तेव्हा अपूर्ण होते. पाणी सोडण्याच्या मोरीची दरवाजांची यंत्रणा पूर्ण झालेली नसताना पावसाळ्यात जलाशय भरत गेला. अपुऱ्या नियंत्रणाने वाहणाऱ्या पाण्यामुळे मोरीच्या बांधकामाला इजा पोहोचली, तिच्यावरचा मातीचा भराव खचत गेला आणि शेवटी पाणी धरणमाथ्यावरून वाहू लागले. मातीचे धरण असा प्रवाह फार काळ सहन करू शकत नाही.

येथे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावयाचा मुद्दा असा की, पूर्ण झालेल्या धरणाचा आराखडा सुरक्षित असणे पुरेसे नाही. अर्धवट अवस्थेतील धरण हीदेखील एक स्वतंत्र रचना असून तिच्यावर येणाऱ्या पुराचा विचार आराखड्यातच व्हावा लागतो. धरणाची पुढे पुनर्बांधणी झाली; तथापि ही बाब विद्यार्थ्यांना आकडेमोडीपेक्षा घटनाक्रमातून अधिक स्पष्ट होते.

कोयना (१९६७) : गृहीतकाची परीक्षा

कोयना धरण सुमारे १०३ मीटर उंचीचे, स्वतःच्या वजनावर स्थिर राहणारे धरण आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे येथे ६ पेक्षा अधिक तीव्रतेचा भूकंप झाला. जीवितहानी झाली, धरण मात्र फुटले नाही. त्याच्या अनेक खंडांवर वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या.

भेगा कोठे पडल्या, हा या प्रकरणातील सर्वांत उद्बोधक भाग आहे. तत्कालीन पद्धतीनुसार भूकंपाचे बल धरणाच्या वजनाच्या ठराविक प्रमाणात, म्हणजे ०.०५ इतक्या गुणांकाने, संपूर्ण उंचीवर सारखेच धरले होते. या पद्धतीत धरण ताठ मानले जाते. प्रत्यक्षात ते लवचीकपणे हलते आणि माथ्याकडे हादऱ्याची तीव्रता वाढत जाते. पायथ्यापासून सुमारे ६६ मीटर उंचीवर, जेथे खालच्या बाजूचा उतार एकदम बदलतो, तेथेच ताण एकवटला आणि भेगा पडल्या. धरणातील उपकरणाने नोंदविलेले त्वरणही गृहीत धरलेल्या मूल्याच्या अनेक पटींनी अधिक होते. त्यानंतर धरणाला मागील बाजूने काँक्रीटचे आधार देण्यात आले. धरणाच्या गतिकीय विश्लेषणाचा अभ्यास करणाऱ्यांसाठी कोयना हे जगभर आदर्श उदाहरण ठरले.

दुसरा बदल नकाशात झाला. दख्खनचे पठार स्थिर आहे, या समजुतीमुळे कोयना परिसर अत्यल्प धोक्याच्या श्रेणीत होता. १९७० च्या सुधारित भारतीय मानकात शून्य विभाग रद्द झाला आणि कोयना परिसर चौथ्या विभागात गेला.

किल्लारी (१९९३) : अर्धवट शिकलेला धडा

अपयशातून सुधारणा आपोआप होते, असा निष्कर्ष येथे काढला तर तो चुकीचा ठरेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, लातूर व धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यांत भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच दगावली. हा भाग नकाशावर तेव्हाही सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. कोयनेनंतर नकाशा दुरुस्त झाला, पण मुख्यतः जेथे धक्का बसला तेथे. पठाराच्या इतर भागांविषयीची समजूत कायम राहिली.

माणसे मेली ती मुख्यतः घरांमुळे. मातीत रचलेल्या अनघड दगडांच्या जाड भिंती आणि त्यावर मातीचे जड माळवद, अशी ही घरे होती. भिंतीच्या आतील व बाहेरील थरांना एकत्र बांधणारे आरपार दगड नसल्याने थर एकमेकांपासून सुटले आणि माळवद खाली आले. उन्हाळ्यात गारवा देणारी जाडीच घातक ठरली. उपायही याच निदानातून निघाले : भिंतीत आरपार दगड, दारे-खिडक्यांच्या वर सलग पट्टा, छपरावरील मातीचा भार कमी करणे. २००२ च्या मानकात पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात आला. कोयनेचा धडा धरणांनी घेतला. गावातल्या घरापर्यंत तो पोहोचायला आणखी एक आपत्ती घडावी लागली.

अध्यापनाची दिशा

१) शेवट आधी सांगू नये. घटनेच्या आदल्या दिवसापर्यंत उपलब्ध असलेली माहितीच विद्यार्थ्यांना द्यावी व निर्णय घेण्यास सांगावे. नंतर सुचलेले शहाणपण किती सोपे असते, हे त्यांना उमगते.

२) ‘दोषी कोण’ आणि ‘कारण काय’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. पहिल्याचे उत्तर मिळाल्यावर चर्चा थांबली, तर दुसरा अनुत्तरितच राहतो.

३) प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ‘हेच गृहीतक आणखी कोठे वापरले जाते?’ हा प्रश्न विचारावा. कोयनेनंतर हाच प्रश्न अपुरा विचारला गेला.

४) परिसराचे निरीक्षण करावे. जालन्यातील मस्तगडसारख्या जुन्या वस्तीत अभ्यासफेरी काढून भिंतींची जाडी, आरपार दगड, छपराचा भार आणि पडलेल्या भेगांची दिशा यांच्या नोंदी विद्यार्थ्यांकडून घेता येतील.

हे काम केवळ अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांचे नाही. कंपनांचे गणित भौतिकशास्त्रात, पठाराची जडणघडण भूगोलात, आपत्तीनंतरचे पुनर्वसन समाजशास्त्रात आणि चौकशी अहवालाचे वाचन भाषेच्या वर्गात घेता येते.

निष्कर्ष

अपयश स्वतः काहीच शिकवीत नाही. त्याचे निदान, नोंद आणि प्रसार यांमुळेच ते सुधारित रचनेचे कारण ठरते. या साखळीतील प्रसाराचा दुवा प्रामुख्याने शिक्षकाच्या हाती आहे. तो तुटला तर तोच धडा पुन्हा माणसांच्या प्राणांचे मोल देऊन शिकावा लागतो, हे किल्लारीने दाखवून दिले आहे.