हद्दीतला प्रत्येक जण

वसईच्या पश्चिम पट्ट्यात पापडी, सांडोर, रमेदी, मर्सेस, गास, निर्मळ, नंदाखाल, आगाशी अशी गावे फारसे अंतर न ठेवता वसली आहेत. एका चर्चचा परिसर संपतो न संपतो तोच पुढचे चर्च लागते. आवारात शाळा, सिस्टरांचे कॉन्व्हेंट, सभागृह आणि जवळच दफनभूमी. पाहुण्याच्या नजरेत एवढे भरते. पण या सगळ्याला धरून ठेवणारी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे हद्द. या खाडीपासून त्या रस्त्यापर्यंत, या आळीपासून त्या पाड्यापर्यंत राहणारे सगळे कॅथलिक एका धर्मग्रामाचे, म्हणजे पॅरिशचे. त्यापलीकडचे शेजारच्या धर्मग्रामाचे.

संस्था म्हटली की अर्ज, वर्गणी, शिफारस हे आलेच. धर्मग्रामात मात्र कॅथलिक माणूस हद्दीत राहायला आला की तो त्या गोतावळ्यातला होतो. त्याची भाषा, जात, मिळकत, स्वभाव यांवर त्याचे स्थान अवलंबून नसते. शेजारच्या बाकावर कोणी बसावे हे ठरवण्याचा अधिकार त्यालाही नसतो. सर्वांवर प्रेम करा, कोणालाही वगळू नका, ही शिकवण उपदेशापुरती राहू नये म्हणून चर्चने शतकानुशतके जी व्यवस्था घडवत आणली, ती मला धर्मग्रामात दिसते. आवडत्या माणसांवर प्रेम कोणीही करतो. धर्मग्राम आपण न निवडलेली माणसे आपल्या पदरात घालतो आणि ही तुझी, असे सांगतो.

कायद्यात लिहिलेली माया

कॅथलिक चर्चचा कायदा, म्हणजे १९८३ची कॅनन लॉ संहिता, वाचायला रुक्ष आहे. पण धर्मग्रामाविषयीची तिची कलमे मन लावून वाचण्यासारखी आहेत. कलम ५१८ म्हणते की सर्वसाधारण नियम म्हणून धर्मग्राम भूभागावर आधारलेला असावा आणि त्या भूभागातल्या सर्व श्रद्धावंतांना त्याने सामावून घ्यावे. कलम ५२९ प्रमुख धर्मगुरूला घरोघर जायला सांगते. गरीब, दुःखी, एकाकी, देशोधडीला लागलेले आणि विशेष अडचणींनी गांजलेले यांना त्याने स्वतःहून शोधून काढावे, असा तिथे आदेश आहे. ते आपल्याकडे येतील म्हणून वाट पाहत बसण्याची मुभा त्याला नाही.

कलम ५३४ तर मला फार मोलाचे वाटते. दर रविवारी आणि मोठ्या सणांना धर्मगुरूने एक मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाचा उपासनाविधी, आपल्या साऱ्या धर्मग्रामासाठी अर्पण केलीच पाहिजे. एरवी मिस्सा एखाद्या मृताच्या शांतीसाठी किंवा कोणाच्या आजारपणासाठी सांगितली जाते आणि त्यासाठी देणगी दिली जाते. या मिस्सेसाठी देणगी घेतली जात नाही. ती सर्वांची असते. वर्षानुवर्षे चर्चची पायरी न चढलेल्याचीही ती असते, फादरांशी भांडून बसलेल्याचीही असते. आपल्यासाठी कोणी दर आठवड्याला प्रार्थना करतो आहे, हे त्यातल्या कित्येकांच्या गावीही नसते.

मग येतात नोंदवह्या: बाप्तिस्म्याची, लग्नाची, मृत्यूची. ट्रेंट परिषदेने सोळाव्या शतकात लग्नाच्या आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी धर्मगुरूवर बंधनकारक केल्या. माणूस पुढे कुठेही लग्न करो, त्याची खबर बाप्तिस्म्याच्या मूळ वहीत येऊन नोंदली जाते. माणूस दूर गेला तरी त्याची ओळ त्या पानावर राहते. अविवाहित आईच्या बाळालाही या वहीत जागा आहे. आईचे नाव कसे नोंदवायचे हे कायद्याने ठरवून दिले आहे. तरीही अशा आयांना दारातून परत पाठवणारे धर्मगुरू होऊन गेले. पोप फ्रान्सिस यांनी त्यांना वेळोवेळी कडक शब्दांत सुनावले आणि जानेवारी २०१४मध्ये सिस्टीन चॅपेलमध्ये, चर्चविधीने लग्न न झालेल्या जोडप्याच्या मुलीला स्वतः बाप्तिस्मा दिला.

एका बाकावरची वसई

वसईचा कॅथलिक समाज एकसाची नाही. सामवेदी, वाडवळ, कोळी अशा समाजांची बोली वेगळी, जुना पेहराव वेगळा, लग्नातली गाणी वेगळी. घरात सामवेदी बोलणारी आजी चर्चमध्ये प्रमाण मराठीत प्रार्थना म्हणते. गेल्या काही दशकांत नायगाव, नालासोपारा, विरारच्या बाजूला इमारती उभ्या राहिल्या आणि मंगळूर, गोवा, केरळ, तामिळनाडूकडची कॅथलिक कुटुंबे तिथे राहायला आली. आता मिस्सा कोणत्या भाषेत, कोणत्या वेळेला, सणाच्या दिवशी कोणते गायकवृंद, हे प्रश्न धर्मग्राम परिषदेत निघतात. त्यावर तावातावाने चर्चा होते. ती मला चांगलीच वाटते, कारण नवा माणूस पाहुणा न राहता घरचा झाला की मगच तो वाद घालू लागतो.

भाषेचे दार उघडणे हे चर्चला नेहमी जमले नाही, पण जमले तेव्हा मोठे काम झाले. गोव्यातल्या सासष्टीत धर्मग्राम सांभाळणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ साली राशोलला ते छापले गेले. नव्या ख्रिस्ती श्रोत्यांना आपल्याच ओवीत येशूची कथा ऐकता यावी, हा त्यामागचा ध्यास होता. मिस्सेची भाषा मात्र पुढे साडेतीनशे वर्षे लॅटिनच राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६०च्या दशकात, वसईच्या शेतकऱ्याला वेदीवरचे शब्द प्रथमच मराठीत समजले.

चर्चबाहेरही धर्मग्राम असतो. वाडीतल्या क्रुसापाशी मे आणि ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी जपमाळ होते. शेजारच्या घरांचे छोटे ख्रिस्ती समूह १९८०च्या दशकापासून मुंबईच्या धर्मप्रांतात रुजले. वसई तेव्हा त्याच धर्मप्रांतात होती. या समूहांत आजारी कोण, परीक्षा कोणाची, दारू कोणाच्या घरात शिरली, हे कळते आणि मदतीला माणसे निघतात. संत विन्सेंट द पॉल यांच्या नावाची संस्थाही धर्मग्रामांतून काम करते. १८३३ साली पॅरिसमध्ये वीस वर्षांच्या फ्रेडरिक ओझानामने सोबत्यांसह ती सुरू केली. तिची रीत साधी आहे. सभासद दोघादोघांनी गरजूच्या घरी जातात, तिथे बसतात, ऐकतात, मग धान्य, औषध, फी यांचे पाहतात. त्या घरात कोणत्या देवाची तसबीर आहे, हे पाहून मदत ठरत नाही.

मिस्सेमध्ये ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी एकमेकांना शांतीचे अभिवादन करायचे असते. आपल्याकडे ते हात जोडून करतात. वसईत जमिनीच्या बांधावरून भावाभावांत कज्जे चालतात, आणि दोघे भाऊ एकाच धर्मग्रामाचे असतात. वेदीकडे दान घेऊन येताना भावाशी तंटा आठवला तर आधी जाऊन समेट कर, असे येशूचे सांगणे आहे. त्या क्षणी भाऊ शेजारीच उभा असेल तर मान फिरवायला जागा उरत नाही. हद्दीतल्या सगळ्यांना एका छताखाली आणण्याचा हा खरा उपयोग.

पाय धुणे, प्रार्थना करणे

पवित्र आठवड्यातले दोन विधी पाहिले की धर्मग्रामाची दिशा कळते. गुरुवारी धर्मगुरू गुडघे टेकून लोकांचे पाय धुतो, येशूने शिष्यांचे धुतले तसे. दीर्घकाळ यासाठी फक्त पुरुष निवडले जात. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या बालसुधारगृहात मुलींचेही पाय धुतले. त्यांत एक मुस्लिम मुलगी होती. जानेवारी २०१६मध्ये त्यांच्या आज्ञेने नियमच बदलला. आता बायका, तरुण, वृद्ध, आजारी, धडधाकट असे सगळ्या प्रकारचे लोक तिथे बसू शकतात.

दुसऱ्या दिवशी, गुड फ्रायडेला, दहा गंभीर प्रार्थना होतात. चर्च, पोप, धर्मगुरू आणि सर्व श्रद्धावंत, बाप्तिस्म्याची तयारी करणारे, ख्रिस्ती ऐक्य, यहुदी लोक, ख्रिस्तावर श्रद्धा नसलेले, देवच न मानणारे, राज्यकर्ते आणि संकटात सापडलेले. वर्षातल्या सर्वांत शोकाच्या दिवशी छोट्या गावातले चर्चही नास्तिकासाठी उभे राहून प्रार्थना करते. याच प्रार्थनेत यहुद्यांविषयी एक अवमानकारक विशेषण शतकानुशतके होते. पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ साली ते काढले. वगळण्याची सवय प्रार्थनेच्या शब्दांतही शिरते आणि ती तिथून खुडून काढावी लागते, हे यातून शिकण्यासारखे.

जिथे दार बंद राहिले

वसईचा पहिला संत हा दारात अडवलेला माणूस होता. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली. १५५७च्या सुमारास इथे गोन्सालो गार्सिया जन्मला, पोर्तुगीज बाप आणि इथली आई यांच्या पोटी. जपानमध्ये त्याने जेझुइटांसोबत धर्मशिक्षक म्हणून काम केले, त्यांच्या संघात जायची त्याची इच्छा होती. प्रवेश मिळाला नाही. पुढे मनिलात फ्रान्सिस्कनांनी त्याला आपला म्हटले. ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकी इथे त्याला सोबत्यांसह क्रुसावर मारले गेले. १८६२ साली तो संत घोषित झाला. आज गासचे चर्च त्याच्या नावाने उभे आहे.

जात तर चर्चच्या आत येऊन बसली. गोव्यातल्या काही गावांत कॉन्फ्रारियांचे, म्हणजे चर्चमधल्या भक्तमंडळांचे, मान जातीशी बांधले गेले. तामिळनाडूत दलित ख्रिस्ती माणसाला मेल्यावरही वेगळी जागा दिली गेली. तिरुचिरापल्लीतल्या एका कॅथलिक दफनभूमीत मधे भिंत होती. भारतातल्या कॅथलिक बिशप मंडळाने डिसेंबर २०१६मध्ये दलितांविषयीचे धोरण जाहीर केले आणि जातिभेद हे घोर सामाजिक पाप असल्याचे सांगितले. कबुली उशिरा आली. पण आली म्हणून आता तिच्या बळावर जाब विचारता येतो. १९१७च्या जुन्या संहितेत आत्महत्या केलेल्याला चर्चविधीने दफन नाकारले होते. १९८३मध्ये ती बंदी उरली नाही. ज्या घरावर असा प्रसंग कोसळतो, त्या घराला धर्मग्रामाची सर्वांत जास्त गरज असते.

घटस्फोटानंतर दुसरे लग्न केलेले, समलिंगी माणसे, यांच्याविषयी चर्चमध्ये आजही मतभेद आहेत. लग्नाविषयीची शिकवण बदललेली नाही. पण ऑगस्ट २०२३मध्ये लिस्बनला तरुणांपुढे पोप फ्रान्सिस, चर्चमध्ये जागा कोणाला याविषयी बोलताना, ‘सगळे, सगळे, सगळे’ असे म्हणाले, आणि त्याच डिसेंबरात अशा जोडप्यांनाही, विवाहविधीशी गल्लत होणार नाही अशा रीतीने, साधा आशीर्वाद देण्याची वाट व्हॅटिकनने मोकळी केली. माझे म्हणणे इतकेच, की शिकवणीवरची चर्चा संपेपर्यंत कोणाला दाराबाहेर उभे करून ठेवता येत नाही. तो हद्दीतलाच आहे.

हद्दीपलीकडे

आपल्या माणसांना सांभाळायला शिकलेला धर्मग्राम हळूहळू इतरांनाही सांभाळू लागतो. १९१८ साली मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी पापडीला पतसंस्था काढली, ती शेतकऱ्याला सावकाराच्या विळख्यातून सोडवण्यासाठी. तिचीच पुढे बसीन कॅथॉलिक बँक झाली आणि आज तिथे सर्व धर्मांचे खातेदार आहेत. कार्डिनल ग्रेशस हॉस्पिटलमध्ये, चर्चच्या शाळांमध्ये हिंदू-मुस्लिम घरांतली माणसे सहज येतात. १९५५पासून निघणारे ‘सुवार्ता’ मासिक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ सांभाळले आणि ते चर्चच्या आवाराबाहेरच्या मराठी वाचकापर्यंत नेले. हरित वसईच्या चळवळीत ते उतरले, तेव्हा पाणी, झाडे, शेती यांचा लढा साऱ्या वसईचा होता. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४च्या जुलैत ते गेले, तेव्हा केवळ त्यांच्या धर्मग्रामाने नव्हे तर मराठी वाचकांनीही आपला माणूस गेल्याचे दुःख केले.

मे १९९८मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. तेव्हापासून वसई फार बदलली. वाडीत सगळे एकमेकांना नावाने ओळखत. बारा मजली इमारतीत शेजारचा कॅथलिक आहे हेही कळत नाही. व्हीलचेअरवरच्या माणसासाठी उतार, बहिऱ्या माणसासाठी हातवाऱ्यांची भाषा, रात्रपाळी करणाऱ्यासाठी सोयीची मिस्सा, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या परप्रांतीय मुलासाठी ओळखीचे एक घर, ही आजच्या धर्मग्रामाची कामे आहेत. ती एकट्या फादरांच्या हातून होणारी नाहीत.

संत पौलाने करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात एक तक्रार आहे. प्रभुभोजनाला जमल्यावर खाऊनपिऊन सुखी असलेले आधी जेवून घेत, आणि गरीब उपाशी राहत. पौल त्यांना रागावून विचारतो, मग हे प्रभूचे भोजन कसले? ख्रिस्ती सामुदायिक जीवनाविषयीची ही अगदी आरंभीची तक्रार आहे आणि दोन हजार वर्षांत ती जुनी झालेली नाही. उशिरा आलेल्याचे, नवख्याचे, ज्याच्याशी बोलायला संकोच वाटतो त्याचे पान वाढले गेले का, एवढे विचारले तरी एखाद्या धर्मग्रामाची खरी प्रकृती कळते. येत्या रविवारी मिस्सा सुटल्यावर नेहमीच्या घोळक्याकडे वळण्याआधी, एकट्याने बाहेर पडणाऱ्या माणसाला गाठा, त्याचे नाव विचारा आणि तो कुठे राहतो ते जाणून घ्या. पुढच्या आठवड्यात त्याच्या घरी जा.