रॅक जालन्याला लागतो, गोणी अंतरवालीत उतरते

अंतरवाली सराटी हे अंबड तालुक्यातलं गाव 2023 मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे घराघरांत पोचलं. गावात रूळ नाहीत. रेल्वे गाठायची तर अंबड ओलांडून जालन्याला जावं लागतं. तेव्हा ‘आमचा न् रेल्वेचा काय संबंध?’ असं इथं कुणी विचारलं तर नवल नाही.

पण पेरणीच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रात एकच प्रश्न ऐकू येतो : युरियाचा रॅक लागला का? रॅक म्हणजे अख्खी मालगाडी. 42 बंद वाघिणींच्या (मालडब्यांच्या) गाडीत साधारण 2,600 टन खत मावतं. 45 किलोच्या गोणीने हिशेब केला तर 57 हजारांहून जास्त गोण्या. एवढंच खत 16 टनी ट्रकने आणायचं तर 160 च्या वर ट्रक लागतील. जालन्याच्या मालधक्क्यावर गाडी लागली की हमालांची धांदल उडते, कारण ठरलेल्या तासांत वाघिणी रिकाम्या झाल्या नाहीत तर डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड, भरावा लागतो. पुढे ट्रक अंबडला, तिथून टेम्पो गावात. शेतकऱ्याला दिसतो तो फक्त टेम्पो.

विजेचंही तसंच. महाराष्ट्रातली निम्म्याहून जास्त वीज कोळशावर होते, आणि परळीसारख्या केंद्राला तो कोळसा रेल्वेनेच येतो. देशभरात रेल्वे जो माल वाहते, त्यात जवळपास निम्मा कोळसाच असतो.

‘रेल्वे चालते ती प्रवाशांच्या तिकिटांवर’ हा समज तर शहरातही आहे. प्रत्यक्षात रेल्वेच्या कमाईतल्या रुपयाला 65 पैशांच्या आसपास मालवाहतुकीतून येतात, आणि प्रवासी गाड्यांचा तोटा त्यातूनच भरून निघतो. जालना–मुंबई वंदे भारत डिसेंबर 2023 मध्ये सुरू झाली तेव्हा फोटो निघाले. मालगाडीला हार घालायला सहसा कुणी जात नाही.

आणखी एक ठरलेलं वाक्य : रेल्वेची मालवाहतूक बुडाली. बुडाला तो वाटा. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत देशातला 80 टक्क्यांहून जास्त माल रेल्वेने जाई. आज तो वाटा चौथ्या हिश्शाच्या थोडा वर आहे. वजन मात्र वाढतच गेलं आणि 2024-25 मध्ये 160 कोटी टनांच्या पुढे पोचलं. देशातला एकूण माल त्याहून वेगाने वाढला, आणि तो ट्रकांनी उचलला.

का उचलला, हे मोसंबीवरून कळतं. ‘रेल्वे स्वस्त, मग आमची मोसंबी तिने का जात नाही?’ हा प्रश्न रास्त आहे. रेल्वे स्वस्त पडते ती भरपूर माल, लांबचा पल्ला आणि एकच ठिकाण असेल तेव्हा. ट्रक थेट बागेच्या बांधाला लागतो आणि वाशीच्या गाळ्यासमोर रिकामा होतो. तीच मोसंबी रेल्वेने पाठवायची तर बागेतून जालना, तिथे गाडीत, उतरल्यावर पुन्हा टेम्पोत. दर हाताळणीला हमाली आणि फळाला मार. मालगाडीचा सरासरी वेगही ताशी 25 किलोमीटरच्या आसपासच, कारण एकेरी मार्गावर ती बाजूला थांबते आणि प्रवासी गाडी पुढे जाते. ऑगस्ट 2020 मध्ये देवळालीहून पहिली किसान रेल निघाली. भाड्यात निम्मी सवलत होती, तेव्हा या गाड्या जोरात धावल्या. पुढे सवलत थांबली आणि गाड्याही आटल्या. माझ्या मते यात रेल्वेपेक्षा हिशेबाचा दोष जास्त.

ठोक मालात मात्र रेल्वेचा हात कुणी धरू शकणार नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणाऱ्या 50 वाघिणींच्या गाडीत 25 लाख लिटर पाणी मावे. पण तिथेही दोन्ही टोकांना पंप आणि नळ जोडावे लागले.

‘लाइन आली की माल आपोआप येईल’ हा समज सगळ्यात महागात पडणारा. जालना–जळगाव या 174 किलोमीटरच्या नव्या मार्गाला ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. छत्रपती संभाजीनगर–परभणी दुहेरीकरणाला जुलै 2025 मध्ये. जालन्याच्या ड्राय पोर्टची, म्हणजे समुद्रापासून दूरच्या कंटेनर तळाची, पायाभरणी तर 2015 चीच. रूळ हवेतच. पण पोर्टवर आलेला कंटेनर परतीला काय भरून जाणार? जालन्याच्या पोलाद कारखान्यांना भंगार लागतं, सळई मात्र बरीचशी जवळपासच्या बांधकामांवर ट्रकनेच जाते. रिकाम्या परतणाऱ्या डब्याचं भाडंही शेवटी आलेल्या मालावरच चढतं.