कार्डं घ्या, पण अर्ज जपून करा

हिंजवडी, माण, भूगाव, पिरंगुट. मुळशीच्या या पट्ट्यात मुलांचा पहिला पगार खात्यात पडला की क्रेडिट कार्डासाठी फोन सुरू होतात. कंपनीच्या गेटबाहेर टेबल टाकून एजंट बसलेले असतात. ‘लाइफटाइम फ्री आहे, फक्त पॅन नंबर सांगा.’ मुलं आठवड्याभरात तीन-चार ठिकाणी पॅन देऊन बसतात. ओळखीतल्या अशा मुलांचे सिबिल अहवाल मी त्यांच्यासोबत बसून वाचतो.

पिरंगुटच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या मुलाने मोबाइलवर त्याचा अहवाल उघडला. सगळ्यात वर स्कोअर, 300 ते 900 मधला. सगळे तिथेच थांबतात. आम्ही खाली ‘एन्क्वायरी’च्या भागात गेलो. बँकेचं नाव, तारीख, कशासाठी विचारणा, रक्कम. एकाच महिन्यात चार ओळी, हातात कार्ड मात्र एकच. दोन अर्ज त्याने स्वतः केले होते. उरलेल्या दोन बँकांची नावं वाचून तो गप्प झाला; एजंटाने त्याची कागदपत्रं परस्पर पुढे सरकवली असावीत.

अर्ज केला की बँक अहवाल मागवते आणि त्याची नोंद राहते. एका नोंदीने स्कोअर थोडासाच खाली येतो आणि काही महिन्यांत सावरतो. ओळीने चार नोंदी दिसल्या की माणूस पैशाच्या अडचणीत आहे, असा अर्थ बँक काढते. नकार अहवालात छापला जात नाही; पण विचारणा आहे आणि खातं नाही, एवढ्यावरून पुढची बँक ओळखते. नकार आला म्हणून लगेच दुसरीकडे अर्ज करू नये, ते यासाठीच. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने मात्र स्कोअर घटत नाही. सिबिलसह चारही क्रेडिट माहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

एकापेक्षा जास्त कार्डं घेण्यात वावगं काही नाही. पहिलं कार्ड पगाराच्या खात्याच्या बँकेतून घ्यावं, सहा महिने पूर्ण बिल वेळेवर भरावं, मग दुसऱ्याचा विचार करावा. एकूण मर्यादेच्या 30 टक्क्यांच्या आत खर्च ठेवावा. जुनं, फुकटचं कार्ड बंद करू नये. त्याचं वय आपल्या कामी येतं. जानेवारी 2025 पासून बँकांना किमान पंधरवड्याला माहिती कळवावी लागते, त्यामुळे हप्ता चुकला की लवकर दिसतं.

त्या मुलाला वर्षभरात माणमध्ये फ्लॅट घ्यायचा आहे. स्कोअर घसरल्यामुळे 40 लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाला साडेआठऐवजी नऊ टक्के व्याज लागलं, तर हप्ता महिन्याला सुमारे 1,276 रुपयांनी वाढतो, म्हणजे एकूण तीन लाखांवर. कुठल्याही कार्डाच्या स्वागत-बक्षिसापेक्षा हा आकडा मोठा आहे. म्हणून गृहकर्ज मंजूर होईपर्यंत नवा अर्ज नाही, असं आम्ही ठरवलं.

त्या दोन विचारणांबद्दल त्याने तिथेच बसून ऑनलाइन तक्रार नोंदवली. तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळण्याचा हक्क त्याला आहे. हा हक्क आपल्या प्रत्येक कमावत्या मुलाला माहीत असायला हवा. पॅन नंबर सांगण्याआधीच.