सोलापूरकरांनो, पहिलं वेबपेज नोटपॅडवर लिहा!

वेबपेज ज्या भाषेत लिहितात, त्या एचटीएमएलसाठी महागडा क्लास लागत नाही. नोटपॅड आणि ब्राउझर पुरे. विषय घरचाच घ्या: सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. ‘एच-वन’ टॅगमध्ये यात्रेचं नाव, ‘पी’मध्ये अक्षता सोहळ्याची माहिती, ‘यूएल’च्या आत ‘एलआय’ लावून खाण्याची यादी (शेंगा चटणी पहिली, वाद नको!). हे चारही टॅग वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या १९९१च्या यादीतले, आजही चालतात. फोटोचा ‘आयएमजी’ नंतर आला. त्यात नंदीध्वजांचा फोटो टाका आणि ‘ऑल्ट’ मजकूर भराच. अंध वाचकाचा स्क्रीन रीडर तोच वाचून दाखवतो. फाइल डॉट-एचटीएमएल नावाने सेव्ह करा, डबल क्लिक करा, पान उघडलं!

आता खास मराठी पानासाठी, जे बहुतेक व्हिडिओ सांगतच नाहीत. ‘हेड’ टॅगमध्ये कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ लिहा, नाहीतर अक्षरांच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसू शकतात. आणि सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगमध्ये ‘लँग’ म्हणून ‘एमआर’ द्या. फॉन्टमध्ये सोय असेल, तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाऐवजी आपल्या मराठी वळणाचे दिसतात. नोटो सान्स देवनागरी लावून बघा.

रंगरंगोटीचं सीएसएस नंतर. आधी हे पान उघडू द्या, अडलात तर कमेंटमध्ये विचारा.