पवनी : स्तूप, वाघ आणि पर्यटकांचा बदलता ओघ

स्थळ जितके प्राचीन तितके लोकप्रिय, हा समज भंडारा जिल्ह्यातील पवनीच्या बाबतीत टिकत नाही. वैनगंगेकाठच्या या नगरीत नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये केलेल्या उत्खननात जगन्नाथ टेकडी येथे प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. अभ्यासकांत पवनीला मान्यता मिळाली; सामान्य प्रवासी मात्र फारसा वळला नाही. अवशेष समजण्यास पूर्वज्ञान लागते. वाघ पाहण्यास ते लागत नाही!

२०१२ मध्ये नागपूर व भंडारा जिल्ह्यांत पसरलेले उमरेड-करहांडला अभयारण्य घोषित झाले. २०१३ मध्ये नागझिऱ्याहून ‘जय’ हा वाघ तेथे आला आणि त्याच्या ख्यातीने पर्यटकांची रीघ लागली. एप्रिल २०१६ नंतर जय दिसलाच नाही. एका प्राण्यावर उभी राहिलेली लोकप्रियता किती अस्थिर असते आणि तीवर विसंबणाऱ्या स्थानिक मार्गदर्शक व वाहनचालकांची उपजीविका किती अनिश्चित होते, हे यावरून दिसते. स्तूप मात्र जागा सोडून जात नाही. जंगल सफारी सकाळी व दुपारनंतर असते. मधल्या रिकाम्या वेळेत टेकडी दाखविणारा मार्गदर्शक घडविणे महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे.