७८ मिनिटांत दुरुस्ती, तरी यंत्रे बंदच

१९ जुलै २०२४ रोजी सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी (आपल्या घड्याळाप्रमाणे) क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सायबरसुरक्षा कंपनीने ‘फाल्कन’ या आपल्या पहारेकरी सॉफ्टवेअरसाठी जगभर एक छोटीशी फाइल पाठवली. ती ज्या विंडोज यंत्रांनी उतरवून घेतली, ती निळा पडदा दाखवून कोसळली. आपोआप पुन्हा सुरू झाली आणि पुन्हा कोसळली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने अशी यंत्रे ८५ लाख होती. भारतातल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. अमेरिकेत एकट्या डेल्टा कंपनीची पाच दिवसांत सुमारे सात हजार उड्डाणे रद्द झाली. सायबर हल्ल्याच्या अफवाही लगेच पसरल्या, पण हल्ला कुणीच केलेला नव्हता.

कंपनीने १० वाजून ५७ मिनिटांनी सदोष फाइल मागे घेतली. म्हणजे दुरुस्ती ७८ मिनिटांत तयार होती. मग सर्व्हर उभे राहायला कित्येक ठिकाणी दिवस का लागले?

याचे उत्तर संगणक सुरू होतो कसा, यात आहे. विहिरीवरचा पंप ज्याने चालवला आहे त्याला ही अडचण ओळखीची वाटेल. पंप पाणी ओढतो खरा, पण त्याआधी त्याच्या पोटात पाणी भरावे लागते. फुटव्हॉल्व्ह गळका असला की पंप हवा धरतो. मग मोटर कितीही फिरवा, पाणी चढत नाही. संगणकाचेही तसेच. प्रोग्राम मेमरीत आणायचा तर ते काम करणारा दुसरा प्रोग्राम आधीच मेमरीत हवा. पूर्वीच्या यंत्रांवर तो पहिला घोट माणूस पाजत असे: पुढच्या पट्टीवरच्या खटक्यांनी एकेक आकडा भरून. आता तो मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कायमचा असतो. हा चिपमधला प्रोग्राम हार्डवेअर तपासतो, डिस्क शोधतो, बूट लोडरला हाक मारतो. बूट लोडर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, आणतो; कर्नल ड्रायव्हर आणतो. नेटवर्क, लॉगिन, अपडेट घेणारी सेवा हे सगळे त्यानंतर.

म्हणून सर्व्हर उठत नसेल तर जाणकार तंत्रज्ञ आधी एवढेच पाहतो, की गाडी कुठल्या स्टेशनापर्यंत आली. पंखे फिरतात का? बीप कसे वाजतात? (पडदा जागा होण्याआधी काही बिघडले तर यंत्राला बोलायला आवाज आणि दिवे यांखेरीज साधन नसते.) डिस्क दिसते का? विंडोजचे चिन्ह उमटले, तर वीज, मेमरी, डिस्क, बूट लोडर यांच्यावरचा संशय बराच कमी होतो. त्या शुक्रवारी चिन्ह उमटत होते. बिघाड त्याच्या पुढे होता.

फाल्कनचा ड्रायव्हर कर्नलमध्ये, तोही बूट होतानाच सुरू होतो. चोर शिरण्याआधी पहारेकरी जागेवर हवा, हा त्यामागचा विचार. त्यात गैर काही नाही. पण साधा प्रोग्राम चुकला तर तो एकटा बंद पडतो, कर्नलमधला चुकला तर सगळे यंत्रच थांबते. चूक किती क्षुल्लक होती हे कंपनीच्याच अहवालात वाचायला मिळते. नव्या नियमांच्या साच्यात २१ रकाने ठरवलेले होते, आणि प्रत्यक्षात ड्रायव्हरकडे २० रकान्यांचीच माहिती येत होती. हा फरक फेब्रुवारीपासून तिथेच होता. चाचण्यांत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण असे, त्यामुळे तो कुणी उघडून पाहिलाच नाही. १९ जुलैच्या फाइलने पहिल्यांदा त्या रकान्यात खरोखरची अट घातली. ड्रायव्हर एकविसावी नोंद वाचायला गेला, ती नव्हतीच, आणि तो मेमरीत भलतीकडेच पोचला. फाइल तपासणाऱ्या प्रोग्राममध्येही दोष असल्याने तिथेही ती अडली नाही.

आता दुरुस्त फाइल घ्यायची तर नेटवर्क हवे, आणि बहुतेकदा नेटवर्क उठण्याआधीच यंत्र कोसळत होते. तरी काही यंत्रांत कोसळण्याआधीच्या काही क्षणांत फाइल उतरून जाई. म्हणून मायक्रोसॉफ्टने क्लाउडवरच्या यंत्रांसाठी दिलेला सल्ला ऐकून हसू आले तरी तो तर्काला धरून होता: पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करा, काहींना १५ वेळा करावे लागले आहे.

खात्रीचा उपाय मात्र हाताचा. सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरांसह, यंत्र उठवायचे आणि २९१ क्रमांकाची ती फाइल पुसायची. उत्तम सर्व्हरवर एक स्वतंत्र छोटा संगणक असतो, मुख्य यंत्र बंद असतानाही त्याच्यामार्फत दुरून पडदा पाहता येतो. क्लाउडवर तर आजारी सर्व्हरची डिस्क काढून धडधाकट सर्व्हरला जोडायची, फाइल पुसायची, डिस्क परत लावायची. या सगळ्याला स्क्रूड्रायव्हर लागत नाही. विमानतळावरच्या काउंटरखालच्या यंत्राला यातले काहीच नव्हते. तिथे माणूस जाणे भाग होते. त्यात डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाने, बंद असेल तर ४८ अंकी किल्ली टाइप करायची. काही ठिकाणी या किल्ल्या ज्या सर्व्हरवर जपल्या होत्या तोच बंद पडलेला!

जगाचे तंत्रज्ञान किती नाजूक, यावर त्या आठवड्यात भरपूर लिहिले गेले. पण बाधित यंत्रांचे प्रमाण विंडोज यंत्रांच्या एक टक्क्याहूनही कमी होते, आणि रिझर्व्ह बँकेच्या म्हणण्यानुसार आपल्याकडे जेमतेम दहा बँका व वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला. खरा दोष साधा होता: कर्नलपर्यंत पोचणारी फाइल आधी थोड्या यंत्रांवर सोडून पाहायची, ही जुनी शिस्त पाळली गेली नाही. कंपनीने नंतर टप्प्याटप्प्याने पाठवण्याची पद्धत आणली. मायक्रोसॉफ्टनेही, यंत्र उठत नसताना दुरुस्तीच्या मोडमधूनच नेटवर्कवर जाऊन उपाय उतरवून घेण्याची सोय तयार केली.

विंडोज लॅपटॉप वापरणाऱ्यांनी एक काम आजच करावे: डिस्क बिटलॉकरने बंद आहे का ते पाहावे, आणि असेल तर ती ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून त्या लॅपटॉपच्या बाहेर कुठेतरी ठेवावी.